सोलापूरच्या उन्हात गुलाब वाढवणं आणि ओळखणं

सोलापुरात गुलाबाचं वर्ष परतीचा पाऊस संपला की सुरू होतं. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटणी, नोव्हेंबरच्या शेवटी पहिला बहार, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर दुसरा, शिमग्याच्या सुमारास तिसरा आणि मग उन्हाळा. या पाच-सहा महिन्यांत एकाच झाडावरचं फूल इतकं बदलतं की डिसेंबरचा फोटो आणि एप्रिलचा फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळी झाडं वाटावीत. म्हणून आमच्याकडे गुलाबाचं नाव एका फुलावरून ठरवत नाही. पूर्ण हंगाम नोंदी ठेवायच्या आणि मगच पट्टीवर नाव लिहायचं. झाड नीट पोसलेलं नसेल तर नोंदींचाही उपयोग होत नाही. उपाशी झाडाचं फूल कुठल्याच वर्णनाशी जुळत नाही. त्यामुळे आधी लागवड, मग ओळख.

इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. गुलाबाला दोन्ही नको असतं. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल घ्यावा. तळाला चार-पाच इंच जाड मुरूम. वर भरायला निम्मी काळी माती, पाव भाग तांबडी माती किंवा बारीक मुरूम, पाव भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. त्यात २०० ग्रॅम निंबोळी पेंड. अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं तर हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. खत कुजलंय का ते वासावरून आणि उष्णतेवरून कळतं: ढिगात हात घातल्यावर गरम लागलं तर अजून थांबा.

रोप कुठून आलंय ते मुळाच्या गोळ्यावरून लगेच समजतं. आपल्याकडची बरीच रोपं उरुळी कांचनच्या बाजूने येतात, तर काही थेट आंध्रातल्या कडियमहून. कडियमचं रोप लाल चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. हा गोळा तसाच काळ्या मातीत पुरला तर दोन्ही माती एकजीव होत नाहीत. बाहेर ओल असते, आत गोळा कोरडा ठणठणीत राहतो, किंवा पावसाळ्यात उलट होतं. अशी रोपं पहिला उन्हाळा काढत नाहीत आणि दोष सोलापूरच्या हवेवर जातो. लावण्याआधी गोळा अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवावा, कडेची इंच-दीड इंच माती बोटांनी हळूच सुटी करावी, मुळ्या मोकळ्या दिसू लागल्या की लावावं. डोळा भरलेली गाठ मातीच्या वर दोन इंच राहिली पाहिजे. थंड देशांत ती गाठ पुरतात, इथे त्याची गरज नाही. गाठ उघडी असली की खुंटावरची (ज्या रानगुलाबाच्या मुळावर डोळा भरतात त्याची) फूट ओळखणंही सोपं जातं, त्याबद्दल पुढे.

कुंडीत लावायचं तर किमान १४ इंची कुंडी हवी. गच्चीवर काळी प्लास्टिकची कुंडी मुळीच नको. एप्रिलमध्ये तिची भिंत हात लावू देत नाही आणि कडेच्या मुळ्या आतल्या आत भाजून जातात. मातीची किंवा सिमेंटची कुंडी घ्यावी, बाहेरून चुना मारावा, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात म्हणजे निदान आतल्या ओळींना सावली मिळते.

आता सोलापूरच्या गुलाबाचं मुख्य दुखणं. नवी पालवी पिवळी पडते आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. ऊसवाले शेतकरी याला केवडा म्हणतात. गुलाबाला साधारण ६ ते ७ सामू (मातीचा पीएच) मानवतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीचा सामू ८ च्या पुढे असतो आणि बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी लोक हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकतात. चुनखडीच्या मातीत हिराकसमधलं लोह काही दिवसांतच पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात जातं, म्हणजे पैसे आणि कष्ट दोन्ही वाया. हिराकस पानांवर फवारावा: एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, नसेल तर अर्ध्या लिंबाचा रस. आधी ॲसिड विरघळवायचं, मग हिराकस. द्रावण फिकट हिरवट दिसलं पाहिजे. तांबूस झालं तर लोह गंजलं असं समजून फेकून द्यावं. संध्याकाळी फवारणी, दहा दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोह घ्यावं, पण पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं आहे का ते बघून. स्वस्तात मिळतं ते ईडीटीए, आणि ते आपल्या सामूला टिकत नाही. ईडीडीएचए ५ ग्रॅम ५ लिटर पाण्यात कालवून एका झाडाच्या आळ्यात ओतलं की दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी हिरवी येते. जुनी पिवळी पानं मात्र बहुधा तशीच राहतात, ती बघून औषध लागू पडलं नाही असं ठरवू नये.

याच कारणासाठी हाडांचा चुरा आम्ही वापरत नाही. गुलाबाच्या प्रत्येक माहितीपत्रकात तो असतो, पण त्यातलं स्फुरद आम्लधर्मी मातीतच सुटं होतं. आपल्या जमिनीत तो वर्षानुवर्षं पडून राहतो. सिंगल सुपर फॉस्फेट घाला. त्यात स्फुरदाबरोबर गंधक आणि जिप्समही मिळतं.

पाण्याचंही सांगायला हवं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा गुलाब बोअरवरच राहतात. बोअरच्या क्षारांची खूण म्हणजे पानांच्या कडा करपणं आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर. पंधरा दिवसांतून एकदा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट पाणी देऊन क्षार धुऊन खाली काढावेत, आणि त्यासाठी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी राखून ठेवावं. जमिनीतल्या मोठ्या झाडाला हिवाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी ८ ते १० लिटर पुरतं. काळी माती वरून कोरडी दिसते. बोटभर उकरून बघितल्याशिवाय पाणी सोडू नये.

छाटणीची तारीख हवामान ठरवतं. सोलापूरचा मोठा पाऊस सप्टेंबरात असतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कधीही झोडपतो. गणपती झाले की हात शिवशिवतात, पण तेव्हा छाटलं तर कोवळी फूट नेमकी परतीच्या पावसात सापडते, पानांवर काळे ठिपके येतात आणि कापलेल्या टोकांतून शेंडेमर (फांदी टोकाकडून वाळत जाण्याचा रोग) खाली उतरते. सलग सात-आठ दिवस आकाश मोकळं राहिलं आणि सकाळी दव पडायला लागलं की छाटणी करावी. साधारण १० ते २५ ऑक्टोबर. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उशीर झाला तर एक अख्खा बहार बुडतो, कारण मार्चनंतरचे दिवस आपल्या हातात नसतात.

कात्री धारदार हवी, आडव्या पट्टीवर दाबून कापणारी नको. दोन पाती एकमेकांना घासून जाणारी हवी. एका झाडाचं काम झालं की पाती स्पिरिटने पुसायची. आधी मेलेलं, मग आत वळलेलं, मग काडीएवढं बारीक लाकूड काढायचं. तीन ते पाच निरोगी फांद्या ठेवायच्या. उंची किती ठेवायची यावर मतभेद आहेत. उत्तरेकडच्या पुस्तकांत गुडघ्याच्याही खाली छाटायला सांगतात. इथे तसं करू नये. हायब्रीड टी (बहुधा दांडीवर एकच मोठं फूल देणारं) झाड दीड फुटाच्या खाली आणू नये, फ्लोरिबंडा (झुपक्यात फुलणारं) तर निम्म्यापेक्षा जास्त कापूच नये. कारण मे महिन्यात त्या झाडाच्या फांद्यांना स्वतःच्याच पानांची सावली लागणार आहे. फार खाली छाटलेल्या झाडाची साल एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या बाजूने करपते, तडकते आणि तिथून शेंडेमर शिरते.

काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर, डोळ्याच्या उलट दिशेला उतरता. कापल्यावर फांदीचा गाभा बघायचा. तो पांढरा-हिरवट असेल तर ठीक. मध्ये तपकिरी ठिपका दिसला तर अजून एक डोळा खाली, तरीही तपकिरी असेल तर आणखी खाली. पांढरा गाभा लागेपर्यंत थांबायचं नाही, मग उंचीचा हिशेब चुकला तरी चालेल. तपकिरी गाभ्यावरचा डोळा फुटतो, कळीही धरतो आणि डिसेंबरात अचानक माना टाकतो.

कापांवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी. घरापुरती करायची तर १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात रात्रभर विरघळवायचा, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये विझवायचा, गार झाल्यावर दोन्ही एकत्र ओतून ढवळायचं. लोखंडी भांडं किंवा पळी नको. तयार पेस्टमध्ये लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा आहे, थोडी चुन्याची निवळी वाढवा. पेस्ट त्याच दिवशी संपवायची. खोडावर आणि गाठीवरही एक हात फिरवावा, खवले कीड तिथेच चिकटून असते. त्याआधी जुन्या टूथब्रशने साल घासून घेतली तर काम पक्कं होतं.

छाटणीनंतर मुळ्या उघड्या पाडून आठवडाभर उन्हात ठेवायची जुनी पद्धत आहे. ती इथे करू नये असं आमचं ठाम मत आहे. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात बारीक मुळ्या वाळतात. वरची दोन इंच माती हलकेच हलवून प्रत्येक झाडाला ४ किलो शेणखत, २०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि ५० ग्रॅम सुपर फॉस्फेट घालावं. डोळे फुटून पानं बोटभर झाली की २५ ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि २० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, खोडापासून आठ इंच लांब गोल रिंगणात, भरपूर पाण्याबरोबर. युरियापेक्षा अमोनियम सल्फेट आपल्या जमिनीला बरं, कारण ते सामू थोडा खाली ओढतं. म्युरेट ऑफ पोटॅश टाळावं. क्लोराइड आधीच पाण्यातून पुरेसं येतंय. वर उसाच्या पाचटाचा तीन इंच थर द्यावा, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून.

आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात. इथून वही उघडायची. नव्या फुटीचा रंग ही पहिली नोंद आहे आणि ती पुढे परत मिळत नाही. काहींची पालवी गडद मरून, काहींची तांब्यासारखी, तर आइसबर्गची जवळजवळ थेट पोपटी. याच दिवसांत खुंटाची फूटही वर येते. ती गाठीच्या खालून निघते आणि मूळ झाडापेक्षा जोरात वाढते. सात पर्णिका म्हणजे रानफूट असं सरसकट सांगितलं जातं, ते धोक्याचं आहे. चांगल्या हायब्रीड टीच्या जोमदार फुटीवरही सात पर्णिका येतात आणि अशा कितीतरी उत्तम फांद्या लोक कापून टाकतात. फूट कुठून निघाली तेच बघायचं. खुंट मल्टिफ्लोरा जातीच्या रानगुलाबाचा असेल तर आणखी एक पक्की खूण आहे: पानाच्या देठाच्या बुडाशी जी दोन उपपर्णं असतात त्यांच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या असतात. इंडिका खुंटाला ती झालर नसते. चुनखडीच्या जमिनीत इंडिकाचा खुंट जास्त तग धरतो, मल्टिफ्लोरा लवकर पिवळा पडतो. म्हणून एखादं झाड कितीही लोह दिलं तरी पिवळंच राहत असेल तर त्याच्या खुंटाकडे बघावं. रानफूट कात्रीने कापली तर तिथून चार येतात. माती बाजूला करून, ती निघाली तिथूनच, खाली ओढून उपटावी.

छाटणीपासून चाळीस-पंचेचाळीस दिवसांत पहिली फुलं येतात. कळी वाटाण्याएवढी झाली की हायब्रीड टीच्या बाजूच्या कळ्या खुडाव्यात. मात्र ओळखायच्या झाडावर एक फांदी न खुडता सोडावी, कारण झुपका लागतो की एकटी कळी येते ही गटाची खूण आहे.

नर्सरीतली नावं या कामाला उपयोगी नसतात. ‘डच’, ‘काश्मिरी’, ‘बटन’ ही विक्रीची नावं आहेत, जातींची नव्हेत. लाल डच म्हणून दिलेली दोन रोपं दोन भिन्न जातींची निघतात. फोनवरची झाडं ओळखणारी ॲप्स गुलाबाच्या पुढे ‘संकरित’ एवढंच सांगून थांबतात. ओळख झाडासमोर उभं राहूनच होते.

कळी उघडायच्या आधी ती हातात उलटी धरा. खाली पाच हिरवी निदलं दिसतील. त्यांतल्या दोघांना दोन्ही कडांना मिशा असतात, दोघांना अजिबात नसतात, आणि पाचव्याला एकाच बाजूला असते. पाचही निदलं कळीत एकमेकांवर जशी रचलेली असतात, त्यातून हे होतं: जी कड शेजारच्या निदलाखाली झाकली जाते तिथे मिशी फुटत नाही. जवळपास प्रत्येक गुलाबात असंच दिसतं, त्यामुळे जात ओळखायला ही खूण कामाची नाही, पण एकदा बघितली की कळीकडे नीट बघायची सवय लागते. ओळखीसाठी बघायचं ते वेगळं. निदलं कळीच्या टोकाच्या वर किती जातात, टोकाशी पानासारखी रुंद होतात का, फूल उमललं की पूर्ण मागे वळतात की आडवी राहतात. देठावर बारीक लव आणि ग्रंथी आहेत की तो गुळगुळीत आहे. बोटाने चोळून वास घ्या, काही जातींच्या ग्रंथींना राळेसारखा वास येतो.

मग फूल. पाकळ्या मोजायच्या, आणि त्यासाठी पहिल्या बहारातलं, मधल्या फांदीवरचं फूल घ्यायचं. एक फूल खर्ची घाला, पाकळ्या एकेक काढून कागदावर मांडा. ८ पर्यंत एकेरी, ९ ते १६ अर्धदुहेरी, १७ ते २५ दुहेरी, २६ ते ४० भरगच्च, त्यापुढे अतिशय भरगच्च असं साधारण वर्गीकरण आहे. पाकळीच्या आतला रंग, मागचा रंग आणि बुडाचा रंग तिन्ही लिहायचे. मागची बाजू बहुतेक लोक बघतच नाहीत. वास सकाळी नऊच्या आत, अर्धं उमललेल्या फुलाचा घ्यायचा. फोटो सावलीत, शेजारी पांढरा कागद ठेवून. उन्हात फोनचा कॅमेरा लाल रंग सपाट करतो आणि गडद लाल व साधा लाल यांतला फरक पुसून टाकतो.

गडद लाल सुवासिक गुलाब ही ओळखीची खरी परीक्षा आहे. पापा मेयाँ, मिस्टर लिंकन आणि ओक्लाहोमा या तिघांचे आईबाप एकच: क्रायस्लर इंपीरियल आणि शार्ल मालरें. पहिला १९६३ चा, बाकी दोन १९६४ चे. तिघांनाही दाट, जुन्या गुलाबाचा वास. एकटं फूल हातात दिलं तर जाणकारही थबकतो. झाडापाशी गेलं की वेगळेपण दिसतं. मिस्टर लिंकन उंच सरळ वाढतो, कमरेच्या वर सहज जातो, कळी सुरईच्या घाटाची आणि देठ लांब. ओक्लाहोमाचं फूल तिघांत सर्वांत जड आणि गोल, पाकळ्या पंचेचाळीसच्या आसपास, आणि फुलाच्या भाराने मान झुकते. पानं गडद व निस्तेज. उष्णता वाढली की त्याचा लाल जांभळट होतो. पापा मेयाँ सर्वांत मखमली, कळी जवळजवळ काळी, पण भुरी (पांढऱ्या पुडीसारखी बुरशी) आधी त्यालाच धरते. जानेवारीत तीन लाल झाडं शेजारी असतील आणि एकाच्याच माना पांढऱ्या पडल्या तर तो पापा मेयाँ असण्याची शक्यता जास्त. रोगाचीही नोंद ठेवावी ती यासाठी.

डबल डिलाइट १९७७ चा. फूल मलईच्या रंगाचं, कडा लाल, आणि वासात मसाल्याचा झणका. त्याचा लाल ऊन ठरवतं. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी तो चढतो, म्हणून पूर्वेच्या भिंतीला सकाळचंच ऊन मिळणाऱ्या झाडावर फुलं बरीच पांढरी राहतात आणि गच्चीवर तीच जात दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त लाल होते. दोन वेगळी झाडं समजून दोन नावं देऊ नयेत. पीस हा १९४५ मध्ये त्या नावाने आला. त्याचा पिवळा थंडीत खुलतो. मार्चमध्ये फूल नुसतं फिकट मलईचं दिसतं आणि कडेची गुलाबी छटा जवळजवळ जाते. त्याची मोठी, जाड, चकचकीत पानं मात्र बारमाही तशीच असतात. शिकागो पीसची पानंही हुबेहूब तीच, कारण तो पीसच्याच एका फांदीवर आपोआप झालेल्या बदलातून निघाला. पान-काटे एक आणि फूल वेगळं असं दिसलं की हे कारण डोक्यात ठेवावं. कधी अशी फांदी परत मूळ रंगावरही जाते.

क्वीन एलिझाबेथ, १९५४ चा, आपल्या हवेत सर्वांत निभावणारा. माणसाएवढा उंच होतो, वरची लांब दांडी जवळपास बिनकाट्याची, फुलं स्वच्छ गुलाबी आणि झुपक्यात. आइसबर्ग १९५८ चा, पांढरा फ्लोरिबंडा, काटे विरळ, पानं अरुंद आणि फिकट. डिसेंबरच्या थंड रात्रींनंतर त्याच्या कळीवर गुलाबी झाक येते, ती रोग नव्हे. सुपर स्टार १९६० चा; शेंदरी रंगाचं असं फूल दुसऱ्या जुन्या जातीत सहसा सापडत नाही, पण भुरी त्याच्याही पाठी असते.

आपल्याकडच्या जातीही जुन्या बागांत आहेत आणि त्या ओळखायच्या राहून जातात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल यांनी स्वतः गुलाबाच्या अनेक जाती काढल्या. दिल्ली प्रिन्सेस आणि पांढरा डॉ. होमी भाभा या त्यांच्याच. दिल्लीच्या पुसा संस्थेची मोहिनी तर एकदा पाहिली की चुकत नाही, फ्लोरिबंडा आणि रंग चॉकलेटी-तपकिरी. पिवळसर-तपकिरी झाक असलेला जुना झुपकेदार गुलाब कुणाच्या अंगणात दिसला तर आधी मोहिनी आहे का ते तपासा.

फुललेलं फूल काढताना पाच पर्णिकांच्या पहिल्या सशक्त पानापर्यंत कापावं, बाहेर तोंड असलेल्या डोळ्यावर. झाड अशक्त असेल तर नुसतं फूल मोडावं, पानं राखावीत. पुढचा बहार तिथून साधारण चाळीस-पन्नास दिवसांनी. गड्ड्याच्या दिवसांत रात्री गार आणि दुपारी तीस अंश, म्हणजे भुरी आणि मावा दोघांचे दिवस. मावा पाण्याच्या फवाऱ्यानेच झटकावा, तीन दिवस ओळीने. न आटोपला तर एक लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण. भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. गंधक आणि तेल यांच्यात किमान तीन आठवड्यांचं अंतर हवं, नाहीतर पानं भाजतात. दुपारचं तापमान ३२-३३ च्या वर जायला लागलं की गंधक बंद. पानांच्या कडेला कंपासने काढावेत असे गोल काप दिसले तर औषधाला हात लावू नका. ती पानं कापणारी मधमाशी, घरट्यासाठी तुकडे नेते, झाडाचं काही बिघडत नाही.

मार्चच्या मध्यापासून फुलकिडे येतात. कळी कडेने तपकिरी होते, उमलत नाही. एक कळी पांढऱ्या कागदावर झटका, पिवळट बारीक किडे पळताना दिसतील. अशा कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाकाव्यात, झाडाखाली पाडू नयेत. पाठोपाठ लाल कोळी. पानं वरून राखाडी ठिपक्यांची आणि खालून जाळीदार. पानाच्या खालच्या बाजूला सकाळी जोराचं पाणी मारणं हा सर्वांत चांगला उपाय, आठवड्यातून दोनदा. कोळी कीटक नाही, त्यामुळे नेहमीची कीटकनाशकं त्याला लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो वाढतो.

एप्रिलमध्येही नोंदी चालू ठेवाव्यात. कोणती जात अर्ध्या पाकळ्यांवर येते, कुणाचा रंग उडतो, कुणाचा टिकतो ही माहिती परदेशी वर्णनांत मिळत नाही. पण याच महिन्यातल्या फुलावरून नवीन नाव लावू नये. डिसेंबरची नोंद आणि मार्चची नोंद दोन्ही एका जातीशी जुळल्या तरच पट्टी करावी. पट्टीसाठी थंड पेयाच्या डब्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून त्यावर बॉलपेनने दाबून लिहावं, अक्षरं कोरली जातात. प्लास्टिकची पट्टी एका उन्हाळ्यात भुगा होते आणि मार्करची शाई त्याआधी उडते. नाव पक्कं नसेल तर खुणेचं नाव आणि लागवडीचं साल लिहावं. पॉलीहाऊसमधून बाहेर आलेल्या आधुनिक जातींची अंगणातली वर्णनं फारशी कुठे नोंदलेलीच नाहीत, त्यांना खुणेचं नावच बरं.

मे महिन्यात कात्री ठेवून द्यावी. एकही हिरवं पान काढू नये, कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच चिमटाव्यात, खत बंद. पश्चिमेच्या बाजूने ५० टक्क्यांची हिरवी जाळी, साडेअकरा ते पाच. पाणी पहाटे, कुंड्यांना संध्याकाळीही. पाचटाचा थर पुन्हा भरून घ्यावा. पहिला वळवाचा पाऊस झाला की तीन-चार दिवसांत रात्री भुंगेरे येतात आणि पानं चाळणी करून ठेवतात. दिव्याखाली पाण्याची परात ठेवून त्यात थोडं रॉकेल टाकलं की निम्मे तिथेच पडतात, उरलेले बॅटरी घेऊन झाडावरून वेचावे लागतात.